दोन वेळा, जेवणानंतर

१२ जानेवारी

छोट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे अजून थोडी आशा आहे. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर तू अडवून ठेवला आहेस हे कळायला मला कुणा इंजिनिअरची गरज पडली नाही. शेजारच्या न्हाव्याच्या फोनवरून लावला तर लगेच उचललास, आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. न्हावी बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हटलं, रेंज नाही. तेव्हा आता कागदावर लिहिते आहे. कागदावर तुला 'हॅलो हॅलो, ऐकू येत नाही' असं करता येणार नाही.

भांडायला लिहीत नाही. तुझ्या धंद्यातला एक सवाल आहे. पोटाच्या गोळ्यांची बॅग घेऊन तू इतकी वर्षं डॉक्टरांच्या दारात बसतोस, तेव्हा तुला माहीत असणार. एक माणूस आहे, सत्तरीच्या पुढचा. जेवण झालं की छातीच्या खाली जळजळ सुरू होते. आंबट पाणी घशाशी येतं. तिखट सोडलं, चहा निम्म्यावर आणला, आडवं होताना पाठीशी दोन उशा घेतो. जिऱ्याचं पाणी झालं, थंड दूध झालं, बडीशेप चघळून झाली, जेवल्यावर शतपावली झाली. स्वतःच्या हातचं चूर्ण तर चालूच आहे. तरी आग काही विझत नाही. अशा माणसाला काय द्यावं?

माणूस कोण ते तुला कळलं असेलच. नाव घेतलं तर पत्र फाडशील, म्हणून घेत नाही.

बाकी बाबा मजेत आहेत.

ताई

२ फेब्रुवारी

छोट्या,

खोकं मिळालं. आधी मला वाटलं, दुकानदाराने बटणं पाठवली. उघडून पाहते तर गुलाबी गोळ्यांच्या पट्ट्या आणि वर एक चिठ्ठी: 'दोन वेळा, जेवणानंतर.' ना प्रिय ताई, ना तुझा छोट्या. मी ती चिठ्ठी उलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली. शिवणाच्या मशीनखाली पडलंय की काय काही, म्हणून वाकूनही पाहिलं. एवढंच होतं. बरं. काही नसण्यापेक्षा हे चांगलं.

पण घोडं इथे अडलं. गोळी मी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी पट्टी उचलून चष्म्याखाली धरली, कंपनीचं नाव वाचलं आणि अंगठ्याने ढकलत ढकलत टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली. "ज्याची आहे त्याला परत कर," म्हणाले. मी म्हटलं, औषधाच्या दुकानातून आणली. म्हणाले, "मी काय दूधखुळा आहे?"

त्यांचं तुला माहीत आहे. आयुष्यभर कारखान्याच्या कँटीनमध्ये शेकडो माणसांना जेवू घातलं आणि त्यांतल्या निम्म्यांची पोटंही सांभाळली, त्यामुळे पोट म्हणजे आपली जहागीर असं त्यांना वाटतं. निवृत्त झाल्यावरही दारापाशी ते लाकडी स्टूल मांडलेलं असतंच. संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन बसतं. वरच्या मजल्यावरची शिक्षिका गॅस घेऊन येते. तिला ओवा आणि कोमट पाणी. कारकून बद्धकोष्ठ घेऊन येतो, त्याला भिजवलेल्या मनुका, सकाळी गरम पाणी, आणि "ऑफिसात नवा साहेब आलाय का रे?" हा प्रश्न. त्याने हो म्हटलं की म्हणतात, "मग साहेब जाईपर्यंत मनुका चालू ठेव." कुणाच्या तान्ह्याचं पोट फुगलं तर बेंबीभोवती हिंगाचं पाणी. जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. जास्त जेवून आलेल्याला काहीच नाही, फक्त ओरडा: "एक वेळ उपाशी राहा. पोटाला सुट्टी दे."

आणि चूर्ण. ओवा, जिरं, सुंठ, काळं मीठ. अजूनही तेच माप, तीच बरणी. आता सुंठ कुटवत नाही त्यांच्याने, म्हणून खलबत्ता माझ्याकडे आलाय. ते शेजारी बसून चुका काढतात.

गोळ्या मी सुया-दोऱ्यांच्या डब्यात ठेवल्या आहेत.

ताई

२७ फेब्रुवारी

छोट्या,

तुला एक गंमत सांगते. पोटात ठेव, कुठे बोलू नकोस. अर्थात आमच्याविषयी बोलायला तुझ्याकडे आहेच कोण!

गोळ्या मी चूर्णात कुटून घातल्या.

त्यांची बरणी वेगळी काढली, लोकांची वेगळी. दार लावून घेतलं, गोळ्यांची पूड केली, मग त्यात सुंठ, ओवा, सगळं. रंग जरा फिका झाला, म्हणून जिरं जास्त भाजून घातलं. जेवण झालं, त्यांनी चमचाभर तोंडात टाकलं आणि मी दाराआडून बघत राहिले. त्यांची जीभ तुला ठाऊक आहे. कँटीनमध्ये मोठ्या पातेल्यातला एक थेंब तळहातावर घेऊन चाटायचे आणि सांगायचे, मीठ दोघांनी घातलंय, कोण कोण ते पुढे या. त्या जिभेसमोर मी गुलाबी गोळी लपवायला निघाले होते.

त्यांनी चूर्ण तोंडात घोळवलं. थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सुंठ जरा जुनी वाटते. पुढच्या खेपेला दुकान बदल."

एवढंच! मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसले. आणि दुपारी ते झोपले, छोट्या. उशांना न टेकता, सरळ झोपले. कितीतरी दिवसांनी मी मशीन चालवताना कानोसा घ्यायची थांबले. उठल्यावर मिशीत हसत म्हणाले, "बघ, चूर्णाला वेळ द्यावा लागतो. लोकांना दम नसतो."

आता रोज जेवणानंतर चमचा मागून घेतात, दोन्ही वेळा. तुझी चिठ्ठी न वाचता तुझ्या चिठ्ठीप्रमाणे चाललंय.

पुढचं खोकं लवकर पाठव.

ताई

२१ मार्च

छोट्या,

दुसरं खोकं आलं. चिठ्ठी तीच. तू काय छापून घेतल्या आहेस की काय?

आज जरा बोलते, मग तुला राग आला तर येऊ दे. तू तिकडे बसून काय समजतोस ते मला माहीत आहे. तुला वाटतं, म्हातारा अजून स्टूल मांडून बसतो, म्हणजे त्याला त्या दिवसाचं काहीच वाटलं नाही.

त्या दिवशी दुपारी आई म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं होतंय, गॅस झाला असावा. बाबांनी ओवा दिला, गरम पाणी दिलं, पाठ चोळली. तिला ढेकर आला. "बरं वाटलं," म्हणाली आणि आडवी झाली. ती पुन्हा उठली नाही. संध्याकाळी तू पोचलास तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. तू चप्पलही न काढता बाबांसमोर उभा राहिलास आणि विचारलंस, "घाम येत होता का? डावा हात दुखत होता का? श्वास लागत होता का?" बाबा प्रत्येक वेळी हो म्हणाले. लहान मुलासारखे खरं खरं हो म्हणाले. मग तू म्हणालास, "आणि तुम्ही ओवा दिलात. तुम्ही मारलंत आईला." ते म्हणाले, "गोळ्या विकणाऱ्याने मला शिकवायचं नाही." तू तेवढंच लक्षात ठेवलंस. आमच्या दोघांच्या लक्षात वेगळं राहिलं.

आईनंतर स्टूल बरेच दिवस माळ्यावर होतं. लोक येऊन परत जायचे. मग एके दिवशी न्हावी आला, पोटाच्या वर काहीतरी अडकल्यासारखं होतंय म्हणाला, चूर्ण द्या. बाबांनी स्टूल खाली काढलं, त्याला बसवलं आणि विचारलं, "घाम येतो का? डावा हात दुखतो का? श्वास लागतो का?"

तेच शब्द होते, त्याच क्रमाने. माझ्या हातातलं कापड वेडंवाकडं कापलं गेलं.

न्हावी म्हणाला, हात जरा जड वाटतोय काका, पण वस्तरा धरून धरून असेल. बाबांनी त्याला एक कण चूर्ण दिलं नाही. स्वतः बरोबर जाऊन दवाखान्यात दाखल केलं. न्हावी वाचला. अजून आमच्याकडे येऊन बाबांची दाढी करतो.

तेव्हापासून आजवर एकही माणूस त्या स्टुलावर तुझ्या तीन प्रश्नांशिवाय बसलेला नाही. गॅसवाली शिक्षिका असो, मनुकावाला कारकून असो. लोक हसतात, म्हणतात काका, मला नुसता ढेकर येत नाही हो. बाबा म्हणतात, "आधी उत्तर दे." कुणी विचारलं, हे कुठून शिकलात, तर सांगतात, "माझ्या मुलाने विचारलं होतं."

हे तुला आजवर सांगितलं नाही, कारण सांगायला तू होतास कुठे?

ताई

९ एप्रिल

छोट्या,

मी तुझ्याशी खोटं बोलले होते. बाबा मजेत आहेत असं लिहिलं ना, ते खोटं होतं.

मी लोकांचे कपडे उसवून-शिवून पोट भरते. माणूस जाड झाला की बारीक, ते मला तोंड बघून नाही, शिवण बघून कळतं. बाबांच्या दोन्ही पँटी मी हिवाळ्यात आत घेतल्या. मग पुन्हा घेतल्या. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा घ्यायला बसले तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटायला आले. ती पँट मांडीवर घेऊन मी तशीच बसून राहिले. बाबा म्हणाले, "काय झालं? सुई टोचली?" मी म्हटलं हो.

घास अडकायला लागलाय. आधी पोळी अडकायची, मग भात, आता भाजीसुद्धा पातळ करून द्यावी लागते. चूर्णाने आग थांबते, पण अन्न काही खाली उतरत नाही. दवाखान्याचं नाव काढलं की "वयात होतं असं" म्हणून विषय बदलायचे. शेवटी काल मी स्टूल मांडलं. संध्याकाळी नव्हे, सकाळीच, कुणी यायच्या आत.

म्हटलं, "बसा."

"मी?"

"हो, तुम्हीच. आज मी विचारणार."

हसले. पण बसले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. आधी तुझे तीन विचारले. घाम नाही, हात नाही, श्वास नाही. मग त्यांचे स्वतःचे, जे ते जुन्या दुखण्याच्या माणसाला विचारतात. "घास अडकतो का?" म्हणाले, "अडकतो." "वजन उतरलं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनवरच्या पँटीकडे पाहिलं. "उतरलं." "शौचाला काळं होतं का?"

इथे ते थांबले. मला वाटलं टाळणार. पण स्टुलावर बसलेल्या माणसाने खोटं बोलायचं नाही हा त्यांचाच नियम. खाली मान घालून म्हणाले, "होतं. बरेच दिवस झाले."

मग त्यांनीच, जसं सगळ्यांना सांगतात तशाच आवाजात सांगितलं, "या माणसाला चूर्ण द्यायचं नाही. याला दवाखान्यात ने."

उद्या नेते आहे.

ताई

२४ एप्रिल

छोट्या,

नळी घालून तपासलं. तुकडा काढून पाठवला होता, त्याचं उत्तर आलं. पोटाच्या वरच्या तोंडाशी गाठ आहे आणि ती यकृतापर्यंत गेली आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, माझा हात धरून बोलल्या. कापण्यासारखं नाही म्हणाल्या. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, ते आता विचारू नका.

मग मी तरी कुणाला विचारू? तुला विचारते. तुझ्या गोळीने त्यांना बरं वाटलं, म्हणून मी दीड महिना थांबले का? की ते मुळातच उशिराचं होतं? रोज मशीनवर बसले की हेच डोक्यात फिरतं. आता कुठे मला कळलं, आईला ओवा देऊन पाठ चोळणाऱ्या माणसाच्या डोक्यात इतकी वर्षं काय फिरत असेल. तू त्यांना जे बोललास, ते मला कुणी बोलायला येऊ नये एवढंच वाटतं.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "आपल्याला आधी कळायला हवं होतं." 'आपल्याला' म्हणाले, छोट्या. मला एकटीला त्यात सोडलं नाही.

ते घरीच आहेत. पेज घेतात, चमचा चमचा. तिच्यानंतर चूर्ण मागतात. डॉक्टरीणबाईंना मी खरं काय ते सांगितलं, त्या म्हणाल्या द्या, आग कमी होत असेल तर द्या.

आता ऐक. मी आजवर तुला ये म्हटलं नाही. तू येशील तर स्वतःहून येशील, असा माझाही ताठा होता. तो मी सोडला. ये. बोलू नकोस हवं तर. चप्पल काढ, आत ये आणि त्या स्टुलावर बस. पुढचं ते बघतील. कुणी दारात आलं की अजून मान वळवून बघतात आणि मग चेहरा भिंतीकडे करतात. ते कुणाची वाट बघतात हे विचारायची माझी हिंमत नाही.

ताई

१५ मे

छोट्या,

तू आला नाहीस. खोकंही नाही.

तुझ्या गोळ्या संपल्या. परवा मी दुकानातून तशाच दुसऱ्या कंपनीच्या आणल्या, कुटल्या, दिल्या. बाबांनी चमचा तोंडात घेतला, चूर्ण जिभेवर घोळवलं. मग विचारलं, "जुनी सुंठ संपली का?"

मी म्हटलं, हो, संपली.

"पुन्हा आली की सांग," म्हणाले आणि चमचा खाली ठेवला. परत घेतला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्याकडे बघवलं नाही म्हणून उठून खिडकी लावली.

अक्षर वाईट आलंय.

ताई

६ जून

छोट्या,

बाबा गेले. सोमवारी सकाळी, ऊन खोलीत आल्यावर. न्हावी दाढी करत होता. एक गाल झाला होता. त्याने वस्तरा बाजूला ठेवला आणि मला हाक मारली. मग रडत रडत त्याने दुसरा गालही पुरा केला, म्हणाला, काकांना अर्धवट काम आवडायचं नाही.

तुझ्या ऑफिसात निरोप ठेवला. तिथली मुलगी म्हणाली, साहेब दौऱ्यावर आहेत. संध्याकाळपर्यंत थांबलो, मग पुढचं उरकलं.

आणि आज सकाळी तुझं खोकं आलं. टपालवाला म्हणाला, मधे कुठेतरी अडकून पडलं होतं. शिक्का मेच्या सुरुवातीचा आहे. मी ते उघडणार नव्हते. नुसतं हातात घेऊन बसले होते. मग उघडलं. पट्ट्या होत्या. चिठ्ठी होती, 'दोन वेळा, जेवणानंतर.' आणि त्याखाली, वेगळ्या पेनाने, दाटीवाटीने तीन प्रश्न.

'घास उतरतो का? झोप लागते का? माझ्यावर अजून राग आहे का?'

तुला तीनच प्रश्न विचारता येतात, मेल्या. नेहमी तीनच, आणि नेहमी उशिरा.

मी हे वाचून इतकी रडले की खालून शिक्षिका वर आल्या. हो, त्या वरच्या मजल्यावर राहतात, पण पायऱ्या उतरून खाली गेल्या होत्या आणि धावत वर आल्या. बघ, अशातही मला तुला नीट समजावून सांगायची सवय जात नाही.

बाबा असते तर म्हणाले असते, आधी उत्तर दे. म्हणून देते.

पहिला. घास उतरत नव्हता. शेवटी पाणीसुद्धा कापसाने ओठांना लावत होते. तुझ्यापासून लपवून काही उपयोग नाही.

दुसरा. झोप लागायची. तुझ्या गोळ्यांवर लागायची. त्या संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, तिच्यावर लागायची. फार कळा सोसाव्या लागल्या नाहीत. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तसंच झालं.

तिसरा.

जायच्या आदल्या आठवड्यात त्यांना जरा हुशारी आली होती. मी पाय चेपत होते. अचानक म्हणाले, "चूर्णात पुदिना मी कधी घातला नव्हता."

मी चेपायची थांबले.

"गुलाबी गोळीत असतो," म्हणाले. "कुटलं तरी वास मरत नाही. आणि तू दार लावून कुटायचीस. इतकी वर्षं उघड्या दारात कुटलं जातंय, आणि एकाएकी दार लागतं. माणूस काय समजेल?"

मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत? सुंठ जुनी आहे म्हणालात.

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस."

मग डोळे मिटून पडले. मला वाटलं झोपले. पण ते बोलतच होते, थांबत थांबत. पट्टी टेबलावर ठेवलीस तेव्हा घ्यायची होती, म्हणाले, पण हात पुढे जाईना. गोळ्या विकणाऱ्याने शिकवायचं नाही असं त्याच्या समोर म्हटलं होतं, त्याच्या माघारी हो कसं म्हणायचं? चूर्णातून आली तेव्हा सोपं झालं. मग म्हणाले, "त्याने विचारलेलं बरोबर होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर..." मी पाणी लावलं ओठांना.

मी म्हटलं, बाबा, मी लिहिते हे त्याला. आजच लिहिते.

म्हणाले, "काय लिहिशील?"

"तुम्ही सांगाल ते."

त्यांचा चेहरा दाराकडे होता. स्टूल तिथेच होतं, रिकामं.

"त्याच्या गोळीने आग थांबते, हे सांगायचंय," म्हणाले. "पण तू लिहू नकोस. तो आला की मीच सांगतो."

म्हणून मी लिहिलं नाही, छोट्या. ते सांगणार होते.

ताई